इलॅस्टिकसर्चची सिंपल क्वेरी स्ट्रिंग: सर्च बॉक्सला हीच लावा

साइटवर सर्च बॉक्स आहे आणि मागे इलॅस्टिकसर्च (मजकूर शोधून देणारं सॉफ्टवेअर) चालतंय त्यांच्यासाठी लिहितोय. लोकांनी टाइप केलेलं थेट सर्चला द्यायचं असेल तर सिंपल क्वेरी स्ट्रिंग घ्या, नुसती क्वेरी स्ट्रिंग पब्लिकसमोर आणूच नका; दोन्ही इलॅस्टिकसर्चमधले क्वेरीचे, म्हणजे शोध घेण्याचे, प्रकार आहेत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

नुसती क्वेरी स्ट्रिंग म्हणजे ल्युसीनची (इलॅस्टिकसर्चच्या आतली सर्च लायब्ररी) अख्खी भाषा, ज्याला सिंटॅक्स येतो त्याच्या कामाची. कुणी साधं 24/7 टाकलं की तो स्लॅश रेग्युलर एक्सप्रेशनची (चिन्हांनी लिहिलेला शोधाचा पॅटर्न) सुरुवात धरला जातो, दुसरा स्लॅश काही सापडत नाही आणि थेट एरर. 15" मॉनिटर टाकलं तरी तेच, अवतरण चिन्ह बंद केलं नाही म्हणून बोंब. "विषय: परीक्षा" लिहिलं तर अजून वाईट, ते विषय नावाचं फील्ड (डॉक्युमेंटमधला माहितीचा रकाना) शोधायला जातं, तसलं फील्ड नसतंच, एररही येत नाही, गुपचूप शून्य रिझल्ट आणि बिचाऱ्या युजरला वाटतं इथे काहीच नाहीये. आणि ज्याला फील्डची नावं ओळखता येतात तो तुम्ही न दाखवलेल्या फील्डवरही सर्च मारू शकतो. शब्दाच्या सुरुवातीला स्टार (*, म्हणजे तिथे काहीही चालेल) लावायलाही बाय डीफॉल्ट परवानगी असते, मोठ्या इंडेक्सवर (शोधायच्या डॉक्युमेंटचा साठा) तसली क्वेरी फार जड जाते.

मग एस्केप करू की (म्हणजे खास चिन्हं साधा मजकूर म्हणून धरायला लावू), असं बरेच जण म्हणतात. ल्युसीनमध्ये त्यासाठी मेथड आहे पण ती फक्त चिन्हांच्या आधी बॅकस्लॅश घालते, कॅपिटलमधले अँड, ऑर, नॉट तसेच ऑपरेटर (शब्द कसे जुळवायचे ते सांगणारे) राहतात. शिवाय इलॅस्टिकसर्चच्या क्वेरी स्ट्रिंगमध्ये < आणि > एस्केप होतच नाहीत, काढूनच टाकावे लागतात. एवढं सगळं सांभाळत बसण्यापेक्षा हत्यारच बदललेलं बरं.

सिंपलवालीचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे चुकीच्या सिंटॅक्सवर ती एरर देत नाही, न कळलेला भाग सोडते आणि पुढे जाते. मजकुरातून फील्डचं नाव देताच येत नाही, फील्ड तुम्हीच ठरवता. फ्लॅग्ज नावाच्या सेटिंगमधून कुठले ऑपरेटर चालू ठेवायचे तेही आपल्या हातात, मी फ्रेज (अवतरणातले शब्द सलग) आणि नॉट (हा शब्द नको) ठेवतो, प्रीफिक्स (शब्दाची नुसती सुरुवात) आणि फझी (थोडं चुकलेलं स्पेलिंग) बंद.

अर्धा मार्क कापला तो वजा चिन्हासाठी, म्हणजे नॉटसाठी. डीफॉल्ट ऑपरेटर ऑर असतो, त्यामुळे "लॅपटॉप -चार्जर" टाकलं की लॅपटॉप असलेले किंवा चार्जर नसलेले असे सगळे डॉक्युमेंट येतात, म्हणजे जवळजवळ अख्खा इंडेक्स! डीफॉल्ट ऑपरेटर अँड करा, मग अपेक्षेप्रमाणे चालतं. हे सेटिंग विसरूच नका.

पण नुसती ही लावली म्हणजे फॉर्म सेफ झाला असं नाही हं. "फक्त पब्लिश झालेले" किंवा "फक्त या युजरचे" ही अट त्याच स्ट्रिंगमध्ये जोडू नका, ती बूल क्वेरीच्या (अनेक अटी एकत्र करणारी क्वेरी) फिल्टरमध्ये वेगळी द्या, मग बॉक्समध्ये कुणी काहीही टाइप करो, अट हलत नाही. जेसनही (इलॅस्टिकसर्चला क्वेरी ज्या फॉरमॅटमध्ये जाते तो) स्ट्रिंग जोडून बनवू नका, लायब्ररीला बनवू द्या, नाहीतर एका अवतरण चिन्हात सगळं मोडतं. ड्रॉपडाउनमधून आलेली कॅटेगरी आणि सॉर्टचं फील्ड सर्व्हरवर आपल्या यादीशी ताडूनच घ्या, ब्राउझरमध्ये ती व्हॅल्यू कुणीही बदलू शकतो. पेज नंबरलाही मर्यादा घाला, कारण डीफॉल्ट सेटिंगला 10,000 रिझल्टच्या पुढे गेलं की एररच येते.

ऑपरेटर नकोच असतील तर साधी मॅच क्वेरी पुरते, ती सगळं निव्वळ मजकूर म्हणून घेते. सोलर (ल्युसीनवरच चालणारं दुसरं सर्च सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी त्यातला ईडिसमॅक्स हा क्वेरी पार्सर (टाइप केलेल्याचा अर्थ लावणारा भाग) घ्यावा आणि त्यातला यूएफ पॅरामीटर (युजरला कुठली फील्ड वापरता येतील ते ठरवणारा) नक्की सेट करावा, नाहीतर तिथे युजर जवळपास कुठल्याही फील्डचं नाव टाकून सर्च करू शकतो.