पाचांतून एक उरतो: जो हेंडरसनचा 'लश लाइफ'

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी बावीस वर्षं सॅक्सोफोन वाजवतोय, तेव्हा हे मत धंदेवाल्याचं आहे, हे आधीच सांगतो. नाशिकरोडचं लॉन असो की त्र्यंबक रोडचं, आमचं काम एकच: आवाज पडू द्यायचा नाही. गायक अडखळला तर आम्ही भरतो, जनरेटर बंद पडला तरी आम्हीच भरतो.

म्हणून जो हेंडरसन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाल्याची 'लश लाइफ: द म्युझिक ऑफ बिली स्ट्रेहॉर्न' ही सीडी लावली आणि पहिल्याच मिनिटाला वाटलं, बाकीचे कुठे गेले? कव्हरवर पाच जणांची नावं, आणि वाजतंय काय तर एक टेनर, म्हणजे जाड आवाजाचा सॅक्सोफोन, आणि एक बास, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य. बास वाजवणारा ख्रिश्चन मॅक्ब्राईड रेकॉर्डिंगच्या वेळी अवघा १९ वर्षांचा, हेंडरसन ५४ चा. पोरगा मध्ये मध्ये घुसत नाही. माझ्या ऑर्केस्ट्रात असा पोरगा मिळाला तर मी त्याला घरी जेवायला बोलावीन.

सीडीबद्दल थोडं. वापरलेली, ६५० रुपयांना ऑनलाइन घेतली. विकणाऱ्याने 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. आली तेव्हा डबीचे मधले दात तुटलेले, चकती आत खुळखुळतेय आणि पुस्तिकेला ओल. पण वाजताना कुठे अडकत नाही, म्हणून ठेवून घेतली. सामानाच्या जुन्या व्हॅनमध्ये अजून सीडी प्लेयर आहे, तिथेच ऐकतो.

स्ट्रेहॉर्न कोण, हे आमच्या लोकांना समजावताना मी सेबॅस्टियन डिसोझांचं नाव घेतो. पोस्टरवर शंकर-जयकिशन, पण व्हायोलिनच्या ओळी लिहिणारा हा माणूस. स्ट्रेहॉर्न १९३८ साली पिट्सबर्गला जॅझ बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टन याला भेटला आणि १९६७ मध्ये जाईपर्यंत त्याच्यासाठी संगीत लिहीत राहिला. एलिंग्टनच्या बँडची ओळखीची धून म्हणजे 'टेक द ए ट्रेन', आणि ती स्ट्रेहॉर्नची आहे हे किती जणांना माहीत असतं?

सुरुवातीचा तुकडा 'इस्फहान'. १९६३ मध्ये एलिंग्टनचा बँड पश्चिम आशिया आणि भारताच्या दौऱ्यावर आला होता. दिल्लीत स्ट्रेहॉर्नने एका मैनेचं गाणं ऐकलं, त्यावरही एक रचना आहे. 'इस्फहान' मात्र दौऱ्याच्या आधीच लिहून झाली होती, तिचं नाव होतं 'एल्फ'. इराणी शहराचं नाव मागाहून डकवलं. मूळ रेकॉर्डमध्ये जॉनी हॉजेसचा आल्टो, म्हणजे टेनरहून चढ्या आवाजाचा सॅक्सोफोन, आहे आणि त्याची मींड अशी की आपला सतारियाही मान हलवील. हेंडरसन त्या वाटेला जात नाही. तो टेनरच्या पोटातला सूर काढतो, हवा जास्त आणि नाद कमी. रीडवर, म्हणजे तोंडातल्या वेताच्या पातीवर, ओठ किती हलका ठेवला असेल, याचा मी अंदाज घेत बसतो. हे जमवायला जोर लागत नाही, पण छाती लागते.

आपल्याकडे गौरवाचा कार्यक्रम म्हणजे जुन्या रेकॉर्डची हुबेहूब नक्कल. मीही सिनेमातले सॅक्सोफोनवादक मनोहारीदा (मनोहारी सिंग) यांचे पीस तसेच घोटून वाजवलेत, टाळ्याही घेतल्यात. शिवाय मध्ये निवेदक, तो दोन गाण्यांत चार शेर सांगणार. इथे कोणी काही सांगत नाही.

'लोटस ब्लॉसम'ची गोष्ट ठाऊक असेल तर बरं. स्ट्रेहॉर्न गेल्यावर एलिंग्टनने त्याच्या रचनांचं रेकॉर्डिंग केलं. शेवटी वादक सामान आवरत असताना तो एकटाच पियानोवर हे वाजवत बसला, आणि तेही टेपवर आलं. आमच्याकडे वायरी गुंडाळायच्या वेळी कोण काय वाजवतं! या सीडीवर ती सॅक्स आणि पियानोवर आहे. 'ब्लड काउंट' स्ट्रेहॉर्नने दवाखान्यातून लिहून पाठवलेली, शेवटची. हेंडरसन तिचं रडगाणं करत नाही.

पाचही जण एकत्र येतात तिथे मला कमी मजा येते. विंटन मार्सेलिसचा ट्रम्पेट मोजकाच आहे, चकचकीत आहे, पण 'जॉनी कम लेटली' संपली की मी पुढच्याची वाट बघतो. उलट 'ए ट्रेन' फक्त सॅक्स आणि ड्रमवर! ढोलाच्या गावातल्या माणसाला हा हिशेब लगेच पटतो. ताल पक्का असेल तर सुराला टेकू लागत नाही.

आणि शेवटी नुसता टेनर. 'लश लाइफ' स्ट्रेहॉर्नने विशीच्या आतबाहेर असताना रचली, इतकी वाकडीतिकडी चाल की पट्टी सापडता सापडत नाही. हेंडरसन ती एकटा वाजवतो. कॉर्ड (सुरामागची स्वरजुळणी) कुठे बदलली, हे त्याच्या एका सुरावरून कळतं. याच सोलोला ग्रॅमी मिळालं.

गेल्या महिन्यात ओझरला हळदीची सुपारी होती. साउंड चेकच्या वेळी माइक रिकामा मिळाला, म्हणून 'लश लाइफ'च्या पहिल्या आठ ओळी वाजवून पाहिल्या. तिसऱ्या ओळीत दम संपला. मंडपवाला खुर्च्या मांडता मांडता थांबला आणि म्हणाला, "दादा, मशीन बिघडलंय का?"

"नाही," म्हटलं, "मीच."