पार्क मैदान ते पंढरपूर: संरक्षण खरेदीवर कोणाचं ऐकायचं?

फ्रान्सकडून घेतलेल्या राफेल लढाऊ विमानांचं राजकारण सोलापूर जिल्ह्याने समोर बसून ऐकलंय. 24 डिसेंबर 2018 ला पंढरपुरात उद्धव ठाकरे यांनी पहारेकरीच चोऱ्या करायला लागलेत असं स्वतःला देशाचा चौकीदार म्हणवणाऱ्या मोदींना सुनावलं. शिवसेना तेव्हा केंद्रात आणि राज्यात भाजपबरोबर सत्तेत होती. 9 जानेवारी 2019 ला सोलापूरच्या पार्क मैदानावर पंतप्रधान नरेंद्र मोदी आले. रे नगरच्या घरकुलांची पायाभरणी झाली आणि भाषणात ‘मिशेल मामा’ आले: ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणातला दलाल, याचे काँग्रेसमध्ये कोणाशी लागेबांधे आहेत, असा सवाल. 18 फेब्रुवारीला सेना-भाजपची युती पुन्हा जाहीर झाली, आणि वर्ष संपायच्या आत सेना काँग्रेसच्या मांडीला मांडी लावून बसली. म्हणून या तुलनेत सेनेला मी धरलेलंच नाही. तिथे तुलना करायला एक जागा तरी स्थिर हवी ना!

उरतात काँग्रेस आणि भाजप. पहिल्यांदा मत देणाऱ्यांना किंवा कुंपणावर बसलेल्यांना ‘देशाच्या सुरक्षेवर’ दोघांपैकी कोणाचं ऐकावं हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोणी पैसे खाल्ले हे मी ठरवणार नाही, ते काम कोर्टाचं. मी एवढंच बघतोय की विरोधी बाकावर असताना जे मागितलं, ते खुर्चीवर बसल्यावर स्वतः दिलं का.

किंमत सांगायची की झाकायची

इथे भाजपची बाजू लंगडी पडते. नोव्हेंबर 2016 मध्ये संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे (आपले धुळ्याचे) यांनी संसदेत लेखी उत्तर दिलं होतं की शस्त्रास्त्रं आणि खास बदल सोडून एक राफेल साधारण 670 कोटींना पडेल. म्हणजे मोघम का होईना, आकडा सांगता येत होता. 2018 मध्ये विरोधकांनी तपशील मागितला तेव्हा मात्र उत्तर आलं की फ्रान्सबरोबर गुप्ततेचा करार आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा) अहवाल आला, त्यात किमतीच्या तक्त्यात आकड्यांच्या जागी सांकेतिक अक्षरं. शेवटी हाती लागलं ते एवढंच, की 36 विमानांचा सौदा आधीच्या प्रस्तावापेक्षा 2.86 टक्क्यांनी स्वस्त. सरकार तोवर नऊ टक्के सांगत होतं.

पण जो गुप्तता करार पुढे केला, तो जानेवारी 2008 चा, आणि भारताच्या वतीने त्यावर सही काँग्रेसचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांची. काँग्रेसने सभांमध्ये हे सांगितलेलं मला तरी आठवत नाही. तरीही या मुद्द्यावर माझं मत भाजपच्या विरोधात जातं. करार जुना होता, पण आधी आकडा देऊन मग त्याच्या आड लपणं हे नवं होतं.

खरेदी करायची की रखडवायची

इथे उलटं. 126 लढाऊ विमानांची निविदा 2007 ची. जानेवारी 2012 मध्ये राफेलची बोली सर्वांत कमी ठरली, आणि मे 2014 मध्ये सरकार गेलं तरी सही नाही. सोलापूरच्या माणसाला इथे जास्त बोचायला हवं: 2012 ते 2014 सुशीलकुमार शिंदे गृहमंत्री होते, म्हणजे सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीत आपला माणूस बसलेला होता. अँटनी यांची प्रतिमा स्वच्छ होती, पण अंगाला डाग नको म्हणून काँग्रेसच्या काळात फाइली हलल्याच नाहीत असा आरोप होतो, तो मला पटतो. हवाई दलाला मंजूर आहेत लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या. सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाली तेव्हा उरल्या 29. अर्थात यातली अकरा वर्षं भाजपची आहेत. 126 च्या जागी 36 घेतली, तेव्हा उरलेल्या नव्वदांचं काय, हे पार्क मैदानावर कोणी सांगितलं नाही.

चौकशी

या बाबतीत दोघंही सारखेच, डावंउजवं करण्यात अर्थ नाही. बोफोर्स या स्वीडिश कंपनीच्या तोफांवरून भाजपने रान उठवलं. 1986 चा 410 तोफांचा सौदा, त्यात 64 कोटींच्या दलालीचा आरोप. त्याच तोफा 1999 मध्ये वाजपेयी सरकारच्या काळात कारगिलला कामी आल्या. दिल्ली हायकोर्टाच्या आरोप रद्द करणाऱ्या 2005 च्या निकालाविरुद्ध सीबीआय सुप्रीम कोर्टात गेली 2018 मध्ये, आणि उशीर झाला म्हणून याचिका फेटाळली गेली. त्यातली पहिली नऊ वर्षं काँग्रेसची म्हणून सोडून द्या, पण नंतरची पावणेचार वर्षं? काँग्रेसने कारगिलच्या जवानांसाठीच्या शवपेट्यांच्या खरेदीत घोटाळा झाल्याच्या आरोपावरून वाजपेयींचे संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना संसदेत बोलू दिलं नाही. पुढे सत्ता आल्यावर 2009 मध्ये सीबीआयचं आरोपपत्र दाखल झालं, त्यात फर्नांडिस यांचं नाव नव्हतं.

आणि मिशेल मामा? हेलिकॉप्टरचा करार 2010 चा, मनमोहनसिंग सरकारचा. जानेवारी 2014 मध्ये त्याच सरकारने तो रद्दही केला. हेलिकॉप्टरच्या उड्डाण-उंचीची अट शिथिल करण्याची चर्चा मात्र वाजपेयी सरकारच्या काळात सुरू झाली होती. पार्क मैदानावर ज्यावरून टाळ्या घेतल्या, त्या ऑगस्टा वेस्टलँडची मूळ कंपनी लिओनार्दो; तिच्याकडून खरेदी करण्यावरची बंदी नोव्हेंबर 2021 मध्ये मोदी सरकारने अटी घालून उठवली. त्या वेळी सोलापुरात सभा नव्हती.

रेवडी

थोडक्यात आटोपतो. जुलै 2022 मध्ये मोदींनी रेवडी वाटण्यावर, म्हणजे मतांसाठी फुकट वाटपावर, टीका केली. जुलै 2024 पासून महायुतीने लाडक्या बहिणींना महिन्याला 1500 सुरू केले, त्यासाठी वर्षाला 46 हजार कोटींची तरतूद, आणि निवडणुकीत 2100 चं आश्वासन. तिजोरीवर बोजा पडेल म्हणून ओरडणाऱ्या महाविकास आघाडीने जाहीरनाम्यात लिहिलं 3000. छत्तीस राफेलचा सगळा सौदा सुमारे 59 हजार कोटींचा होता, तोही एकदाच द्यायचा. बहिणींना पैसे देऊ नयेत असं मी म्हणत नाही, माझ्याच घरात ते येतात. पण ‘पैसा कुठून आणणार’ हा प्रश्न दोन्ही बाजूंना फक्त दुसऱ्याच्या योजनेबद्दल पडतो.

मग ठरवायचं कसं

तुमच्यासाठी सैन्याची तयारी पहिली असेल, तर भाजपचं पारडं थोडं जड आहे; सौदे निदान होतात. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेलचा सुमारे 63 हजार कोटींचा करार झाला. पहलगामच्या हल्ल्यानंतरचे दिवस होते, 2019 सारखा गदारोळ काही झाला नाही. हिशेब उघडा असावा हे पहिलं असेल, तर सध्या विरोधात असलेल्यांना बळ द्या, पण त्यांच्या शब्दावर नको. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचं नाव टाकलं की त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं फुकट वाचायला मिळतात. 2024 पासून सोलापूर आणि माढा, दोन्हीकडचे खासदार विरोधी बाकावर आहेत: प्रणिती शिंदे आणि धैर्यशील मोहिते पाटील, त्यातले मोहिते पाटील त्याच निवडणुकीआधी भाजपमधून आलेले. दोघांनी संरक्षण खरेदीवर किती आणि काय विचारलं ते पुढच्या कोपरा सभेआधी बघून ठेवा. भाजपचे उमेदवार आले की त्यांना लिओनार्दोचं विचारा.