पैसे, पांघरूण की पावती?

समोर मागणारा हात आला की खिशाकडे जायचं की मान वळवायची, हे ठरवायला माणसाला चार-पाच सेकंद मिळतात. घरी बसून यावर रात्रभर वाद घालता येतो, पण स्टेशनच्या जिन्यावर मागून लोंढा येत असतो, हातात पिशव्या असतात आणि ठरायच्या आत आपण दहा पायऱ्या पुढे गेलेलो असतो. मग दिवसभर उगाच चुटपुट लागते. म्हणून हा निर्णय घरूनच घेऊन निघावा, या मताला मी आलो.

गेल्या सहा-सात वर्षांत मी रस्त्यावर राहणाऱ्यांना पैसे देऊन पाहिले, वस्तू देऊन पाहिल्या, संस्थेकडे देणगी पाठवून पावती घेतली आणि मधली दीडेक वर्षं काहीच न देऊनही पाहिलं. मागणारा प्रत्येक जण बेघर नसतो आणि बेघरांतले कितीतरी जण कधीच मागत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. इथे बोलतोय ते रस्त्यावरच झोपणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल.

काहीच न देण्याची बाजू लोक समजतात तेवढी लंगडी नाही. छप्पर देणं हे सरकारचं काम, चिल्लर टाकून तो प्रश्न सुटत नाही, हा मुद्दा खराच आहे. फिनलंडने 2008 साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला. रात्रनिवारे बंद करून त्यांच्या जागी भाडेकराराची घरं केली आणि दीड दशकाच्या आत तिथल्या बेघरांचा आकडा चार हजारांच्या खाली आला. यात वाटसरूंच्या दानतीचा वाटा शून्य. माझी अडचण वेगळीच झाली. द्यायचं नाही असं ठरवल्यावर मी बघणंही सोडलं. स्टेशनला दोन जिने होते. ज्या जिन्यावर कोणी बसत नसे तो मी धरायला लागलो, तो लांबचा असूनही. दीड वर्षाने सहज जुन्या जिन्याने उतरलो तर तिथे बसणारी माणसं बदललेली होती आणि आधीची कोण होती, त्यातलं कोण कुठे गेलं, यातलं मला काही सांगता येईना. हा माझ्या स्वभावाचा दोष असेल. ताठ मानेने, नजरेला नजर देऊन ‘नाही हो’ म्हणू शकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हा पर्याय शोभतो.

मग वस्तू. बहुतेक भली माणसं इथूनच सुरुवात करतात, मीही केली. पैसे दिले तर दारूत जातील, जेवण दिलं तर पोटात जाईल, असं सरळ गणित. पांघरूण दिलं तर अंगावर राहील.

एका थंडीत मी नवीन जाड ब्लँकेट घेऊन त्याच जिन्याशी गेलो. तिथे एक आजोबा बसायचे, डाव्या पायाला मळकी पट्टी, शेजारी गाठोडं. ब्लँकेट पुढे केलं. त्यांनी हात लावून कापड चाचपलं, चांगलं असल्याची मान हलवली आणि म्हणाले, “चौथं आहे हे. आता हे राखायला मी रात्रभर जागू का?”

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं निवडून आणलं, तर वर हे. पण नंतर तिथेच पायरीवर बसून बोललो तेव्हा हिशेब कळला. जुनं ब्लँकेट कोणी उचलत नाही, नवीन उचलतात. नवीन असलं की झोप लागत नाही. भिजलं तर वाळवायला जागा नाही, आणि ओलं ब्लँकेट उचलून बघा एकदा, पाण्याने भरलेल्या बादलीसारखं लागतं. सकाळी झाडणारे यायच्या आत सगळं आवरून उठावं लागतं, जे उचलता येणार नाही ते कचऱ्यात जातं. म्हणजे आपण दिलेली प्रत्येक वस्तू त्यांना पाठीवर वाहायची असते किंवा डोळ्यांत तेल घालून राखायची असते. माझ्या घरात कपाट आहे, त्याला कुलूप आहे, म्हणून मला वस्तू म्हणजे संपत्ती वाटते. त्यांच्या लेखी ते ओझं.

त्यांना हवं काय होतं? मोजे. पट्टीवर चढतील असे सैल मोजे, दोन जोड. आणि नखं कापायला काहीतरी.

बॉस्टनमध्ये 1985 साली बेघरांसाठी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा जिम ओकॉनेल नावाच्या तरुण डॉक्टरला तिथल्या परिचारिकांनी आल्या आल्या स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावला आणि येणाऱ्यांचे पाय टबात भिजवून धुवायला बसवलं, म्हणे आधी हे शीक. दिवसभर उभं राहणं, रात्री बूट घालूनच झोपणं (काढले तर जातात), ओलावा. पायांचं काय होत असेल ते सांगायला नको. पण मी ब्लँकेट आणलं होतं, कारण मला थंडी वाजत होती.

जेवणाची गत तीच. सणावारी एकेकाच्या पुढ्यात पाच-पाच पाकिटं, मधल्या वारी एकही नाही. संध्याकाळपर्यंत ते आंबतं. दात नसलेल्या माणसाला कडक काही दिलं तर तो चघळत बसतो किंवा कुत्र्याला घालतो, आणि देणारा लांबून बघून म्हणतो, बघा, माज आहे. हे वाक्य मीही एकदा मनात म्हटलेलं आहे. वस्तू दिली की आपण तिच्यामागे जातो, ती वापरली का, कुणाला दिली, विकली का, हे तपासत राहतो. ब्लँकेट दिल्यावर आठवडाभर मी जाता-येता नजर टाकत होतो. दान दिलं होतं की उसनं, असा प्रश्न मलाच पडला.

विचारून दिली तर वस्तू चांगली, हे मान्य करतो. याचा लंडनमधला एक छोटा प्रयोग मला फार आवडतो. 2009 च्या सुमारास तिथे वर्षानुवर्षं फुटपाथवर काढलेल्या, निवाऱ्यात जायला ठाम नकार देणाऱ्या 15 जणांना विचारण्यात आलं, तुम्हाला काय लागेल ते सांगा, आम्ही त्यासाठी पैसे ठेवलेत. 13 जण तयार झाले. साल-दीड सालात त्यांतले 7 जण छताखाली राहत होते आणि दोघे जायच्या तयारीत होते. नमुना चिमूटभर आहे आणि पैशांसोबत एक माणूसही नेमलेला होता, तेव्हा यावरून मोठा सिद्धांत मांडू नये. पण ‘आधी विचारा’ एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

तिसरा पर्याय पावतीचा. कागदावर हाच सगळ्यात भक्कम, आणि तुम्ही मला अडवून एकच उत्तर मागितलंत तर रकमेचा मोठा भाग इकडेच वळवा म्हणेन. कारण घर हे चिल्लरीने होत नाही. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने उलटा क्रम लावला. आधी व्यसन सोड, उपचार घे, मग घर मिळेल, ही रीत मोडून त्याने आधी घर आणि मग बाकीचं, असं सुरू केलं. फिनलंडने पुढे हेच तत्त्व उचललं. असं काम करणारी संस्था तुमच्या माहितीत असेल तर महिन्याची ठरावीक रक्कम तिथे लावून टाका. मीही लावली आहे.

तरीही पावती हा माझा एकमेव पर्याय का नाही? एका रात्री पावसात एक बाई पोत्यावर बसलेल्या दिसल्या. पावतीच्या मागे छापलेला मदतीचा नंबर मी लावला. वाजत राहिला. परत लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता उलट फोन आला, अत्यंत नम्र. एका अनुभवावरून संस्थेला झोडपणार नाही, कमी माणसांत ते बरंच काम ओढतात. त्या मावशी म्हणाल्या ते जास्त लक्षात राहिलं. निवाऱ्यात त्या आधी जाऊन आल्या होत्या. गाठोडं बाहेर ठेवायला सांगितलं म्हणून परत आल्या. हे नुसतं त्यांचं नाही. नवरा-बायकोला वेगळं झोपवतात, कुत्रं आत घेत नाहीत, आत चोऱ्या होतात, अशा कारणांनी निवारा नाकारणारे जगात सगळीकडे आहेत. पुन्हा राखणच आली बघा.

पावतीचा आणखी एक त्रास आहे, तो देणाऱ्याला होतो. एकदा पैसे कापून गेले की जिन्यावरच्या माणसाजवळून जाताना मनात म्हणता येतं, माझं देऊन झालंय. म्हणजे हप्ता भरून मी पुन्हा लांबचा जिना धरणार.

शेवटी रोख. यावरचा आक्षेप पाठच आहे, दारू, गांजा, टोळ्या. आक्षेप खोटा नाही. मी दिलेले पैसे दारूत गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत, एकदा नव्हे. पण सरसकट असंच होतं, हे जरा घाईचं. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये 50 बेघरांना प्रत्येकी 7,500 कॅनेडियन डॉलर एकरकमी दिले गेले, कसलीही अट नाही, आणि न दिलेल्या 65 जणांशी वर्षभर तुलना केली गेली. 2023 साली निष्कर्ष छापून आले. पैसे मिळालेल्यांचे बेघर अवस्थेतले दिवस सरासरी 99 ने घटले आणि दारू-सिगारेटवरचा खर्च काही वाढला नाही. आता यातली मेख. गंभीर व्यसन किंवा मानसिक आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि जिन्यावर टेकवलेलं नाणं म्हणजे 7,500 डॉलर नव्हे. त्यामुळे ‘रोख द्या, संशोधन सांगतं’ असं कोणी ठोकून दिलं तर जरा थांबा. मी त्यातून एवढंच घेतो की हातात पैसे आले की गरीब माणूस आपल्याहून वेगळा वागतो, ही आपली खात्री फारशी टिकत नाही.

आणि व्यसन असलंच तर? पक्क्या दारुड्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो, कोणताही डॉक्टर सांगेल. म्हणून दारूला पैसे द्यावेत असं नाही. एवढंच की सिग्नलला उभं राहून त्याच्यावर उपचार करायची माझी लायकी नाही.

माझ्यापुरता काटा झुकला तो ब्लँकेटवाल्या आजोबांमुळेच. पैसे राखावे लागत नाहीत असं नाही, पण ते कमरेच्या गाठीत मावतात, भिजून जड होत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे मोजे होतात. किंवा औषध, किंवा फोन चार्ज करायची सोय, किंवा शौचालयाचे पैसे, ज्याचा विचार मला सात जन्मांत सुचला नसता.

रोखीत मला छळलं ते सुट्ट्यांनी. फोनवरून पैसे द्यायची सवय लागली आणि खिशात नाणं राहीना. एकदा पाकीट उघडलं तर आत फक्त मोठ्या नोटा. समोरचा माणूस बघतोय, मी नोटा अंगठ्याने दाबून लपवतोय आणि ‘सुट्टे नाहीत हो’ पुटपुटतोय. दहा सेकंदांची गोष्ट, पण इतकं ओशाळं मला मान फिरवताना कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून सोमवारी नाणी आणि छोट्या नोटा मोडून आणतो आणि पँटच्या डाव्या खिशात टाकतो. उजव्या खिशातलं पाकीट बाहेर काढायचंच नाही. डावा खिसा रिकामा झाला की त्या आठवड्याचं संपलं, मग नजरेला नजर देऊन ‘आज नाही’ म्हणायचं. ते जमतं, कारण ते खरं असतं. कशाला हवेत, हे विचारत नाही. वाकून हातात देतो, लांबून टाकत नाही.

लहान मुलाच्या हातात मात्र मी पैसे ठेवत नाही. ते कुणाच्या खिशात जातात आणि त्यामुळे पोर शाळेऐवजी रस्त्यावर का राहतं, हे उघड आहे. शुद्ध हरपलेल्या माणसाजवळ नाणं ठेवणं हाही मूर्खपणा, तिथे रुग्णवाहिका. अंगावर येणाऱ्याला देत नाही, भीतीपोटी तर नाहीच. रस्त्यावर विकायची मासिकं जिथे असतील तिथे ती घ्यावीत, हा एक सुरेख मधला मार्ग आहे. लंडनमध्ये 1991 साली निघालेल्या ‘द बिग इश्यू’चे विक्रेते अंक निम्म्या किमतीला विकत घेतात आणि पूर्ण किमतीला विकतात, भीक नाही की उपकार नाही. अट एकच, अंक वाचायला घरी न्यायचा. ‘पैसे ठेवा, अंक नको’ म्हटलं की विक्रेत्याला पुन्हा भिकाऱ्याच्या जागी बसवल्यासारखं होतं.

तर माझी वाटणी अशी आहे, रकमेने मोठा भाग पावतीकडे, मनाने रोखीकडे आणि वस्तू फक्त विचारून. तुमचा जिना, तुमची माणसं वेगळी असतील. तुम्ही वस्तूंवर ठाम असाल तर निदान मोज्यांपासून सुरुवात करा.

मागच्या महिन्यात त्या आजोबांनी मला हाक मारली. पैशांसाठी नव्हती. म्हणाले, “दादा, जरा बसता का इथे? गाठोड्यापाशी. मी जाऊन येतो.” मला गाडी पकडायची होती, पण बसलो. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं. मग लोक माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे बघायचे आणि चटकन नजर काढून घ्यायचे. एक पोरगा गाठोड्याजवळून दोनदा गेला, तेव्हा मी ते पायाशी ओढून घेतलं. त्यात काय होतं मला माहीत नव्हतं, तरी हात त्याच्यावरून हलला नाही. गाडी गेली, तिच्या मागचीही गेली.

पंचवीस मिनिटांनी आजोबा आले, तोंड धुऊन, केस ओले. आभार वगैरे काही नाही. खाली बसले, माझ्यादेखत गाठ सोडली आणि आतली एकेक वस्तू बाहेर काढून मोजून घेतली. सगळं जागच्या जागी होतं. मग म्हणाले, “जा आता.”