स्वतंत्र दाखला आणि साहाय्यित दाखला

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधील कलम 86 नुसार, उदासीनतेने ग्रासलेली परंतु निर्णयक्षमता शाबूत असलेली प्रौढ व्यक्ती स्वतःच्या विनंतीवरून रुग्णालयात दाखल होते (हाच स्वतंत्र दाखला; इथे दाखला म्हणजे रुग्णालयातील प्रवेश), आणि तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय तिच्यावर उपचार करता येत नाहीत. कलम 89 चा साहाय्यित दाखला मात्र, उदाहरणार्थ, छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) तीव्र अवस्थेत स्वतःला वा इतरांना इजा करू पाहणाऱ्या रुग्णासाठी असतो. त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाला निर्णयांत मदत करणाऱ्या, कायद्याने मान्य व्यक्तीचा) अर्ज आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी लागते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो. मुदत कमाल 30 दिवसांची असून दाखल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा दाखल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला) 7 दिवसांत, स्त्री वा अल्पवयीन रुग्ण असल्यास 3 दिवसांत, कळवावी लागते.

परिचारिकेची खरी कसोटी घरी जाण्याच्या मागणीच्या वेळी लागते. स्वतंत्र रुग्णाला सोडावेच लागते. फक्त साहाय्यित दाखल्याची गरज तपासण्यासाठी त्याला कलम 88 नुसार 24 तासांपर्यंत थांबवता येते. निव्वळ नातेवाइकांच्या आग्रहाखातर (आणि तो बहुधा होतोच) त्याला अडवता येत नाही. साहाय्यित रुग्णाची निर्णयक्षमता मात्र दर 7 दिवसांनी पुन्हा तपासली जाते, म्हणून वर्तनाच्या दैनंदिन नोंदी तिथे अधिक काटेकोर हव्यात.