पांझरेकाठी फडात शेत घेताय? पाण्याची सोय अशी आहे

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, पांझरा नदीकाठी आमचं शेत फडात आहे. फड म्हणजे बंधाऱ्याच्या कालव्यावर सगळ्यांनी मिळून भिजवायच्या जमिनीचा एक भाग. इकडे जमीन बघायला येणारे पाण्याचं विचारतातच, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे पाणी भरायला आपण जायचंच नाही. फडाने नेमलेला पाटकरी ओळीने सगळ्यांची शेतं भिजवतो. मालक गावात असो की पुण्याला, पिकाला पाणी मिळतं. माझ्या माहेरी विहिरीत आमचा चार आणे हिस्सा होता. पाळी कुणाची, यावरून चुलत्यांची बोलचाल बंद झाली, ती आजोबा गेले तेव्हाही सुरू झाली नाही. त्यामुळे मला या सोयीची किंमत फार वाटते.

फड पद्धत तीनशे-चारशे वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, त्यातून कालवा आणि खालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एकच पीक, पुढच्या वर्षी फेरपालट. जुन्या खातेदारांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते. पाणी कमी दिसलं की फडाचा कारभार बघणारे पंच पेरणीआधीच एखादा फड कोरडा ठेवतात, आणि झळ सगळ्यांनाच बसते. वरच्याने खालच्याचं पाणी तोडलं, असं म्हणायची वेळच येत नाही. ज्यांनी ही वाटणी बसवली त्यांना भांडणं नेमकी कुठे पेटतात ते पक्कं ठाऊक होतं! पीक एकच असल्याने राखणीलाही थोडी माणसं पुरतात.

पण पीक आपल्या मर्जीचं नाही. पंचांनी गहू ठरवला की गहूच. कालव्याच्या साफसफाईला माणूस द्यावा लागतो, पाटकऱ्याचं देणं वेळेवर चुकवावं लागतं. पूर्वी ते धान्यात असायचं.

मला राग येतो तो फडाच्या मधोमध विहीर खणून, मोटर टाकून वेगळंच पीक घेणाऱ्यांचा. पाण्याची चारी, म्हणजे छोटा पाट, त्यांच्या बांधावरून जाते, साफसफाईला मात्र त्यांचा माणूस नसतो. अशांची संख्या वाढली की पाटकऱ्याचा पगार निघत नाही आणि फड मोडतो. काही ठिकाणी मोडलेही आहेत.

फड चालू आहे की मोडला, हे सातबाऱ्यावर दिसत नाही. व्यवहाराआधी पंचांना भेटा. गेल्या उन्हाळ्यात पाणी कुठवर पोचलं आणि सध्या पाटकरी कोण आहे, एवढं विचारा. जमीन एकाच फडात मिळत असेल तर भाव कमी करून मागा. तो फड कोरडा ठेवला, तर तुमचं वर्ष गेलं.