समुद्रावरचा पॉप-अप तंबू: पाच महिने, सात फेऱ्या आणि एक नालायक पिशवी

दोन आठवड्यांपूर्वी इथे जपानात, टोकियोजवळच्या झुशीच्या किनाऱ्यावर तंबूची तार शिवण फाडून बाहेर आली, म्हणून लिहायला बसलेय. हवेत भिरकावला की उघडतो तो गोल तारेचा तंबू, 4,980 येनवाला. माप, वजन, यूव्ही वगैरे सगळ्यांनी वाचलेलंच असतं, ते सोडून देते.

उघडायला खरंच दोन सेकंद. पोरं टाळ्या पिटतात. रडगाणं सुरू होतं घडी घालताना. आठचा आकडा करून पिळायचा, वेटोळं पिशवीत सारायचं. आणि ही पिशवी! तंबूपेक्षा चांगली दोन बोटं लहान. कारखान्यात कोरडाठाक तंबू आत गेलाही असेल. आमचा ओला, वाळूने माखलेला, वर अडीच वर्षांचे चिरंजीव आत ठाण मांडून "घरी नाही जायचं" म्हणतायत.

मे महिन्यात योकोहामाच्या 'उमी नो कोएन'ला शिओहिगारीला गेलो, म्हणजे ओहोटीला तिसऱ्या (शिंपले) वेचायला. 2 सेंटिमीटरपेक्षा लहान तिसरी परत सोडायची असा नियम, त्यामुळे लेक एकेक तिसरी बोटाला लावून बघत होती. तेवढ्या वेळात नवरा पिशवीशी झुंजत होता. शेजारचे एक आजोबा मदतीला आले, त्यांनाही जमेना. शेवटी पिशवी उलटसुलट करून म्हणाले, "चीसाई ने." लहानच आहे हो. मला कोण समाधान वाटलं!

मग अर्धवट बाहेर आलेला तंबू घेऊन ट्रेन. झुशीला जाताना तर टोकियो स्टेशनला योकोसुका लाइनचा फलाट जमिनीखाली पाचव्या मजल्यावर. अजून शाळेत न जाणाऱ्या पोरांना तिकीट नाही ही एक चैन, पण ते तंबूचं चाक कुणाकुणाच्या गुडघ्याला लागलं आणि मी किती वेळा 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, म्हटलं, त्याला गणती नाही. जुलैपर्यंत मी याला पाचपैकी दीड दिला असता.

मग घार आली. झुशी आम्ही निवडलं ते पाणी उथळ म्हणून, शिवाय 2014 पासून तिथे वाळूत बसून दारू पिणं आणि मोठ्याने गाणी लावणं बंद आहे म्हणून. पण घारींना कोण नियम लावणार? 'तोंबी'पासून, म्हणजे घारींपासून, सावध अशा पाट्या असतात, मी त्या सजावट समजत होते. लेकीच्या हातातली तूप-साखरेची पोळी मागून येऊन अशी उचलली की तिला रडायला यायलाही वेळ लागला. त्यानंतर डबा उघडायचा तो तंबूतच. वर दोन घारी घिरट्या घालतायत, त्यांचं सगळं चित्त आमच्या डब्यापाशी, आणि आम्ही आत चौघे निवांत दडपे पोहे खातोय. त्या दिवशी पिशवीही थोडी विसरले.

उमी नो इए, म्हणजे तिथले हंगामी झाप, मोठ्या माणसाला 1,500 येन मागत होते. दोघांचे 3,000. म्हणजे दुसऱ्याच फेरीत तंबू फिटला. आता सात फेऱ्यांना फेरीमागे 711 पडले.

ओबोन, म्हणजे ऑगस्टमधला पितरांचा सण, झाला की जेलीफिश येतात म्हणून इथे लोक पाण्यात उतरायचं टाळतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात लोटायच्या, इथे साधारण त्याच सुमाराला पोहण्याचा हंगाम आटपतो. आम्ही सप्टेंबरमध्ये नुसतं वाळूत खेळायला गेलो आणि घडी घालताना तार निघाली.

विक्रेत्याला लिहिलं. तीन परिच्छेद क्षमायाचना, चौथ्यात 'चुकीच्या घडीमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही'. मी पिशवीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवला. त्यांनी घडीची आकृती पाठवली. तीत तंबू पिशवीत अलगद जातो. चित्रात काय, हत्तीही मावतो.

टाकून द्यावा तर 30 सेंटिमीटरच्या वरचं सगळं 'सोदाई गोमी', म्हणजे मोठा कचरा. आधी नोंदणी, मग पैसे मोजून स्टिकर. फाटक्या वस्तूवर आणखी पैसे? छे. दाभण आणि जाड दोरा काढला, गोधडीचे टाके घातले, तार जागेवर बसली. जुन्या चादरीची ऐसपैस खोळ शिवली, तीत तंबू पहिल्या झटक्यात गेला. म्हणून आता पाचपैकी साडेतीन.

आणि मूळ पिशवी? तिची घडी 30 सेंटिमीटरच्या आत बसते. मंगळवारी साध्या कचऱ्यात गेली, फुकट.