लिव्हर क्लिनिक : डॉक्टर एक नंबर, रिसेप्शन नको रे बाबा
दादाला हिपॅटायटिस बी, सहा महिने उलटले तरी एचबीएसएजी (रक्तात ह्या व्हायरसची खूण दाखवणारी टेस्ट) पॉझिटिव्हच, म्हणून पुण्यातल्या एका लिव्हर क्लिनिकला गेलो. अपॉइंटमेंट साडेदहाची, आत सोडलं पावणेएकला, वर व्हायरसच्या डीएनए रिपोर्टसाठी दोनदा खालीवर पळवलं ते वेगळंच. पण डॉक्टर मॅडम कमाल आहेत! दादाने विचारलं, माझी इम्युनिटी झोपलीय का, व्हायरसला हाकलत का नाही? तर प्रिस्क्रिप्शनच्या मागे पेनाने लिव्हर काढून सांगितलं की रेग्युलेटरी टी सेल म्हणून पेशी असतात, त्या इम्युनिटीच्या बाकीच्या पेशींना आवरतात, नाहीतर व्हायरस मारायच्या नादात त्या लिव्हरचीच वाट लावतील, पण हेच आवरणं जास्त झालं की व्हायरस ठाण मांडून बसतो. ह्या पेशी शोधणाऱ्या जपानच्या साकागुचींना २०२५ चं नोबेल मिळालंय, आणखी दोघांसोबत. दादाची काढ्याची बाटली बघून मॅडमनी नुसते हात जोडले. टेनोफोविरची गोळी रोज एक, ती व्हायरस दाबते, मुळासकट काढत नाही, त्यामुळे मनाने बंद करायची नाही. फी वसूल. पार्किंग मात्र शून्य, रिक्षानेच जा.